सामुदायिक कार्यक्रमांत फेअर ट्रेड मालाचा प्रसार : स्टॉल पुरेसा आहे का?

मृण्मयी

आमचे एक छोटे वाचनमंडळ आहे आणि वर्षातून एकदा आम्ही सर्वांसाठी खुला मेळावा भरवतो. पुस्तकांची देवाणघेवाण, मुलांसाठी गोष्टी, दुपारी एखादे व्याख्यान असा दिवसभराचा कार्यक्रम असतो आणि संध्याकाळपर्यंत तीनेकशे माणसे येऊन जातात. गेली दोन वर्षे या मेळाव्यात आम्ही फेअर ट्रेड मालाचा, म्हणजे उत्पादकाला न्याय्य मोबदला आणि कामाची सुरक्षित परिस्थिती मिळावी या अटींवर खरेदी केलेल्या मालाचा, एक स्टॉल लावतो आहोत. कॉफी, चहा, चॉकलेट, सुती पिशव्या आणि हाताने विणलेल्या टोपल्या एवढाच आमचा पसारा असतो.

विक्रीतून पैसे मिळवणे हा आमचा हेतू कधीच नव्हता. असा माल असतो, तो वेगळ्या अटींवर विकत घेतला जातो आणि तो आपण नेहमीच्या वापरात आणू शकतो, एवढे लोकांपर्यंत पोहोचावे अशी इच्छा होती. दोन वर्षांचा अनुभव मात्र असा की लोक स्टॉलपाशी येतात, "फार चांगला उपक्रम आहे" म्हणतात, माहितीपत्रक हातात घेतात आणि पुढे जातात. गेल्या वेळी आम्ही दोनशे पत्रके छापली होती. रात्री खुर्च्या आवरताना त्यांतली बरीचशी खुर्च्यांखालून गोळा केली. चॉकलेटची दोन खोकी उरली आणि त्यांची मुदत संपत आल्यामुळे ती शेवटी आम्हीच आपसांत वाटून घेतली.

याहून मला जास्त लागल्या त्या दोन प्रसंगांच्या आठवणी. एका बाईंनी टोपली उचलली, उलटीपालटी करून नीट पाहिली, मग शेजारचे कॉफीचे पाकीट उचलले आणि विचारले, "या पाकिटावर तो गोल शिक्का आहे, टोपलीवर का नाही? मग टोपली खरी कशावरून?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "हे जे जास्तीचे पैसे आम्ही देतो ते शेतकऱ्यालाच मिळतात ना?" मी ठामपणे "हो" म्हणाले. तेव्हापासून तो "हो" मला खुपतो आहे, कारण तो मी माहिती असल्यामुळे दिलेला नव्हता.

मंडळातील काहींचे म्हणणे असे की या वर्षी स्टॉल मोठा करावा, थोडी सवलत द्यावी आणि मेळावा मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, म्हणजे जागतिक फेअर ट्रेड दिनी, ठेवावा. मला स्वतःला असे वाटते की आम्ही मुळातच काहीतरी चुकीच्या टोकाकडून धरले आहे. ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत त्यांनी इथे खाली, आपापल्या टोपणनावाने, आपला अनुभव सांगावा.

पाऊलवाट

आपल्या लेखनात एका गोष्टीचा उल्लेख नाही, म्हणून आधी तीच विचारतो. मेळाव्यात आलेल्या तीनशे माणसांना आपण चहा-कॉफी कोणती दिली?

हा प्रश्न मी आगाऊपणाने विचारत नाही. आम्हालाही तो असाच एकाने विचारला होता. सभागृहाच्या एका टोकाला आमचा स्टॉल होता, त्यावर कॉफीची पाकिटे नीट रचून ठेवलेली होती, आणि दुसऱ्या टोकाला आमचेच स्वयंसेवक मोठ्या किटलीतून नेहमीची, घाऊक बाजारातून आणलेली कॉफी कागदी पेल्यांत ओतून देत होते. एक वयस्कर गृहस्थ हातात तो पेला घेऊनच स्टॉलपाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे ही विकायची आणि ती प्यायची, असे आहे का?" त्या दिवशी आम्ही पाटी उतरवून ठेवली नाही एवढेच. पुढच्या वर्षी पहिला बदल किटलीत केला. विक्रीचा स्टॉल निम्म्यावर आणला, आणि जी कॉफी सगळ्यांनी प्यायली तिचेच एक पाकीट किटलीशेजारी उघडून ठेवले, ज्याला हवे त्याने वास घ्यावा, मागची बाजू वाचावी. त्या वर्षी पत्रके छापलीच नव्हती, तरीही आम्हाला आलेले प्रश्न आधीच्या दोन वर्षांपेक्षा जास्त होते, कारण पेला हातात असताना माणूस दोन-तीन मिनिटे जागचा हलत नाही आणि तेवढ्यात बोलणे होते.

या चळवळीचा इतिहास पाहिला तरी तो दुकानांपेक्षा अशा जमण्या-भेटण्यातूनच घडलेला दिसतो. अमेरिकेत १९४६ मध्ये एडना रूथ बायलर यांनी प्वेर्तो रिकोमधील स्त्रियांनी केलेले भरतकाम मायदेशी आणून आपल्या परिचयातल्या लोकांना आणि स्त्रियांच्या मंडळांना विकायला सुरुवात केली. मोटारीच्या मागच्या कप्प्यात माल भरून त्या फिरत असत. पुढे त्यातूनच 'टेन थाउजंड व्हिलेजेस' ही संस्था उभी राहिली. नेदरलँड्समधील ब्रॉकेलेन येथे १९६९ मध्ये पहिले 'वर्ल्ड शॉप', म्हणजे फक्त असाच माल विकणारे दुकान, निघाले, त्याच्याही आधी तिथे स्वयंसेवकांचे गट मेळाव्यांतून माल विकत होते.

आपल्या कामाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र इंग्लंडमधील लँकशायर परगण्यातल्या गार्स्टँग या लहान गावाचे आहे. तिथे ब्रूस क्राउदर हे कार्यकर्ते आणि ऑक्सफॅम या गरिबीविरोधात काम करणाऱ्या संस्थेचा स्थानिक गट काही वर्षे दुकानदारांना आणि संस्थांना फेअर ट्रेड माल ठेवण्याची विनंती करत होता आणि प्रतिसाद बेताचाच होता. मग २००० साली त्यांनी महापौर, मुख्याध्यापक, धर्मोपदेशक आणि व्यापारी यांना जेवायला बोलावले. त्या जेवणात फेअर ट्रेड पदार्थ होतेच, पण त्याच परिसरातल्या शेतकऱ्यांचा मालही जाणीवपूर्वक वापरलेला होता. त्या काळात तिथले दूधउत्पादक आपल्याला परवडेल असा भाव मिळत नाही म्हणून त्रासलेले होते, त्यामुळे दूरच्या देशातील कोको पिकवणाऱ्याचा प्रश्न आणि शेजारच्या गोठ्याचा प्रश्न एकाच ताटात आले. पाहुण्यांकडून आपापल्या संस्थेत हा माल वापरण्याची लेखी हमी घेतली गेली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जाहीर सभेत गावकऱ्यांनी गार्स्टँगला जगातले पहिले 'फेअरट्रेड टाउन' म्हणून घोषित केले. आज अशा गावांची आणि शहरांची संख्या दोन हजारांवर गेली आहे. या उपक्रमाची जी पाच उद्दिष्टे पुढे ठरली, त्यांतले पहिलेच असे की स्थानिक प्रशासनाने तसा ठराव करावा आणि आपल्या बैठकांत व कार्यालयांत हाच माल द्यावा. म्हणजे आधी स्वतःच्या टेबलावरचा पेला बदलायचा आणि मग दुकानांकडे वळायचे.

तारखेबद्दल म्हणाल तर मे महिन्याचा दुसरा शनिवार चांगलाच आहे, पण तुमच्या मेळाव्याचा ठरलेला दिवस लोकांच्या अंगवळणी पडलेला असेल तर केवळ दिनविशेषासाठी तो हलवू नये. लोक मेळाव्यासाठी येतात, फेअर ट्रेडसाठी येत नाहीत, आणि तसे असणेच आपल्या फायद्याचे आहे. ज्यांना आधीच पटलेले आहे त्यांच्यासमोर प्रसार करून काय साधणार?

उलटतपासणी

पाऊलवाट यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण मृण्मयी यांना जो "हो" खुपतो आहे त्यावरून कोणी घाईने पुढे जाऊ नये. तो खुपायलाच हवा.

कॉफीचेच उदाहरण घेऊ. फेअरट्रेड व्यवस्थेत कॉफीला हमीभाव असतो. अरेबिका जातीच्या, पाण्याने धुऊन प्रक्रिया केलेल्या कॉफीसाठी तो वजनाच्या एका पौंडाला १.४० डॉलर होता आणि ऑगस्ट २०२३ पासून १.८० डॉलर करण्यात आला. त्यावर पौंडामागे २० सेंट सामाजिक अधिमूल्य, म्हणजे भावाखेरीजची जादा रक्कम, वेगळे मिळते. आता यातली मेख पाहा. हा भाव शेताच्या बांधावरचा नाही. तो निर्यातीच्या टप्प्यावरचा आहे आणि तो शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला मिळतो. प्रक्रिया, वाहतूक, कार्यालय यांचा खर्च वजा करून सदस्याच्या हातात जे पडते ते त्याहून कमी असते. अधिमूल्य तर आपोआप प्रत्येकाच्या हातात पडत नाही. त्याचे काय करायचे, म्हणजे गोदाम बांधायचे, रोपवाटिका काढायची की शाळेला वर्ग बांधून द्यायचा, हे सदस्यांची सर्वसाधारण सभा मतदानाने ठरवते. शिवाय बाजारभाव हमीभावाच्या वर असेल तेव्हा बाजारभावच द्यावा लागतो, त्यामुळे अशा काळात हमीभाव नुसता पायाखालच्या जमिनीसारखा असतो, त्याचा प्रत्यक्ष उपयोग होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिकाचा वायदेबाजारातला भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला होता. त्या दिवसांत "आम्ही बाजारापेक्षा दुप्पट भाव देतो" अशी पाटी कोणी लावली असेल तर ती सरळ खोटी होती.

आणखी एक गोष्ट स्टॉलवर कधीच सांगितली जात नाही. लंडनच्या सोआस या संस्थेतील संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडामध्ये केलेल्या अभ्यासाचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉफी, चहा आणि फुलांच्या शेतीत मजुरीवर काम करणाऱ्यांची स्थिती त्यात तपासली होती, आणि फेअरट्रेड प्रमाणित संस्था असलेल्या भागांत मजुरांना मिळणारी रोजंदारी तशा इतर भागांपेक्षा अनेकदा कमी असल्याचे आढळले. फेअरट्रेड संघटनेने या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, मोठे मळे आणि छोटे शेतकरी यांची तुलना योग्य नाही असे म्हटले, आणि त्या आक्षेपात तथ्य आहे. तरीही मूळ प्रश्न उरतोच: छोट्या शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणून त्याच्या शेतात हंगामात राबणाऱ्या मजुराला तो आपोआप मिळतो असे नाही. मी हा माल घेतो, घरी वापरतो. पण स्टॉलवर उभा राहिलो तर हेही सांगेन.

मृण्मयी

उलटतपासणी, आपले उत्तर वाचून आधी थोडी निराश झाले आणि मग बरे वाटले, कारण निदान आता मला ठाऊक आहे की त्या गृहस्थांना काय सांगायला हवे होते. पण एक शंका येते. मेळाव्यात उभ्या असलेल्या माणसाला हमीभाव, अधिमूल्य, निर्यातीचा टप्पा आणि मजुरांचा प्रश्न एवढे सगळे सांगितले तर तो पेला तिथेच ठेवून निघून जाणार नाही का? आणि टोपलीवरच्या शिक्क्याचे कोडे अजून सुटलेले नाही.

पाऊलवाट, किटलीत आम्ही नेहमीचीच कॉफी देत होतो. लिहितानाही संकोच वाटतो.

धागेदोरे

टोपलीचे कोडे मी सोडवते, कारण हस्तकलेच्या वस्तू मागवणाऱ्या एका खरेदी गटात मी बरीच वर्षे काम केले आहे आणि हा प्रश्न मला दर महिन्याला येत असे.

मराठीत आपण सर्रास 'फेअर ट्रेड' म्हणतो, पण जोडून लिहिलेला 'फेअरट्रेड' हा शब्द एका विशिष्ट प्रमाणन व्यवस्थेचे नाव आहे. या पद्धतीचा उगम १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये निघालेल्या मॅक्स हावेलार या चिन्हात आहे. मेक्सिकोतील वाहाका प्रांतातल्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेसाठी ते काढले गेले. निरनिराळ्या देशांतील अशा संघटना १९९७ मध्ये एकत्र आल्या आणि २००२ पासून तो सामाईक गोल शिक्का वापरात आला. ही व्यवस्था मालाला शिक्का देते, आणि त्यासाठी मालाचे प्रमाणीकरण करता यावे लागते: कॉफी, कोको, केळी, कापूस अशा पिकांसाठी मानके ठरवता येतात. पण प्रत्येक टोपलीचा आकार, वीण, लागलेला वेळ वेगळा, मग हमीभाव ठरवणार कसा? म्हणून हस्तकलेत बहुधा दुसरा मार्ग असतो. १९८९ मध्ये स्थापन झालेली जागतिक फेअर ट्रेड संघटना मालाऐवजी संपूर्ण संस्थेची तपासणी करते: मोबदला कसा ठरवला, आगाऊ रक्कम दिली का, बालमजुरी नाही ना, स्त्री-पुरुषांना समान वागणूक आहे का, अशी तिची दहा तत्त्वे आहेत. आपली टोपली अशा सदस्य संस्थेकडून आलेली असेल तर तिच्यावर तो गोल शिक्का नसणे हे स्वाभाविक आहे, आणि विचारणाऱ्या बाईंना आपण संस्थेचे सदस्यत्व दाखवू शकलो असतो. ते दाखवता येत नसेल, पुरवठादार नुसते "आमचे सगळे फेअर ट्रेडच आहे हो" म्हणत असेल, तर मात्र ती टोपली स्टॉलवर ठेवू नये. आमच्या गटाने एकदा असा माल भिडेखातर घेतला होता आणि विणणाऱ्या बायकांना किती मिळाले हे शेवटपर्यंत कळले नाही.

चॉकलेटबाबतही एक बारकावा लक्षात ठेवा. कोको, साखर, चहा आणि फळांचा रस यांच्या बाबतीत वस्तुमान-संतुलन नावाची पद्धत चालते. कारखान्याने जेवढा कोको फेअरट्रेड अटींवर विकत घेतला तेवढ्याच प्रमाणातला माल त्याला तसा विकता येतो, पण कारखान्यात तो इतर कोकोत मिसळलेला असू शकतो. त्यामुळे "या वडीतला कोको त्याच शेतकऱ्याचा आहे" असे छातीठोकपणे सांगू नये. "एवढा कोको त्या अटींवर विकत घेतला गेला" असे सांगावे. शिक्क्याशेजारी बाण असेल तर पाकिटाच्या मागे जास्तीची माहिती दिलेली असते. ती स्वयंसेवकांनी मेळाव्याच्या आदल्या दिवशी वाचून ठेवली तरी पुष्कळ झाले.

सगळे सांगितले तर लोक पळतील, ही आपली भीती मला खरी वाटत नाही. लोक लांबलचक भाषणाला कंटाळतात, प्रामाणिक उत्तराला नाही. एकाच वस्तूबद्दल पूर्ण माहिती असलेला एक स्वयंसेवक हा पाच वस्तूंबद्दल जुजबी माहिती असलेल्या पाच जणांपेक्षा उपयोगी पडतो. आणि एक विनंती: उत्पादकांची छायाचित्रे लावणार असाल तर डोळ्यांत पाणी आणणारी लावू नका. रांगेत हात जोडून उभी राहिलेली माणसे दाखवण्याऐवजी तराजूपाशी वजन करणारी, सभेत हात वर करून मत देणारी, हिशेबाची वही तपासणारी माणसे दाखवा. आपण भीक घालत नाही, खरेदी करतो आहोत.

हिशेबनीस

वरची चर्चा मोठ्या प्रश्नांची झाली; उरलेल्या दोन खोक्यांबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो.

खाण्याचा माल नेहमी न विकलेला परत घेण्याच्या बोलीवर आणावा आणि ही बोली लेखी असावी. जे पुरवठादार परत घेत नाहीत त्यांच्याकडून फक्त तेवढाच माल घ्यावा जेवढा मेळाव्यातच वापरला जाणार आहे. माल उतरवून घेताना प्रत्येक खोक्यावरची मुदत वहीत लिहावी. संध्याकाळी घाईत ते कधीच होत नाही.

सवलत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. "हा भाव न्याय्य आहे" असे सांगायचे आणि दुपारी तीन वाजता तोच भाव पाडायचा, यात आपणच आपले म्हणणे खोडून काढतो. ज्यांना शिक्क्याची किंमत आहे ते थोडा जास्त भाव देतात, हे अनुभवापुरतेच नाही. हाइनमुलर, हिस्कॉक्स आणि सेक्वेरा या संशोधकांनी अमेरिकेतील एका किराणा साखळीच्या २६ दुकानांत प्रयोग केला होता, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्या विकल्या जाणाऱ्या दोन लोकप्रिय कॉफींवर फेअर ट्रेडची चिठ्ठी लावली तेव्हा, दुसरी साधी चिठ्ठी लावलेल्या त्याच कॉफीपेक्षा, विक्री जवळपास १० टक्क्यांनी वाढली. नंतर भाव आठ-नऊ टक्क्यांनी वाढवून पाहिला तर मुळात महाग असलेल्या कॉफीची विक्री जवळपास तशीच राहिली आणि स्वस्त कॉफीची ३० टक्क्यांनी घसरली. याचा अर्थ मी असा लावतो की केवळ भाव पाहून घेणारे गिऱ्हाईक सवलतीने आपले होत नाही. पुढच्या वेळी सवलत नसली की ते जाते.

त्यापेक्षा पाकिटे कमी ठेवून शेजारी एक मागणीची वही ठेवावी. ज्याला कॉफी आवडली त्याने नाव आणि दर महिन्याला हवी असलेली पाकिटे लिहावीत, आणि मंडळाने महिन्यातून एकदा एकत्र मागणी नोंदवावी. आमच्या एका मेळाव्यात फक्त अकरा नावे आली. त्यांतली आठ अजून टिकून आहेत, आणि त्या आठ घरांची वर्षभराची खरेदी त्या दिवशीच्या सगळ्या स्टॉलच्या विक्रीपेक्षा कितीतरी जास्त भरते. गल्ला मात्र वेगळा ठेवा, देणगीची पेटी त्याच टेबलावर ठेवू नका. ती दिसली की लोक सुटे पैसे पेटीत टाकतात आणि पाकीट न घेता समाधानाने निघून जातात.

मृण्मयी

काल मंडळाची बैठक झाली. सवलत रद्द, टोपल्या पुरवठादाराचे सदस्यत्व कळेपर्यंत बाजूला, स्टॉलवर फक्त कॉफी आणि मागणीची वही, आणि किटलीतही तीच कॉफी. त्याचबरोबर मंडळाच्या मासिक बैठकांतही यापुढे तीच वापरायची, असा ठराव एका मताच्या विरोधाने मंजूर झाला. विरोध करणाऱ्या सदस्यांचे म्हणणे फक्त एवढेच होते की त्यांना चहा लागतो.

किटलीसमोर ठेवण्यासाठी मी पुढील मजकूर तयार केला आहे, कृपया तपासावा: "आपण पीत असलेली ही कॉफी फेअरट्रेड अटींवर विकत घेतलेली आहे. बाजारभाव कितीही पडला तरी शेतकऱ्याला ठरलेला हमीभाव मिळतो, आणि त्याशिवाय गावाच्या कामांसाठी वेगळी रक्कम मिळते. मजुरांच्या रोजंदारीचा प्रश्न मात्र या व्यवस्थेत अजून पूर्ण सुटलेला नाही. अधिक विचारायचे असल्यास आम्ही इथेच आहोत."

उलटतपासणी

दोन दुरुस्त्या सुचवतो. "शेतकऱ्याला" याऐवजी "शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला" असे लिहावे. आणि "गावाच्या कामांसाठी" याऐवजी "ज्याचा वापर संस्थेचे सदस्य मतदानाने ठरवतात अशी" असे लिहावे, कारण ती रक्कम अनेकदा शेतीची अवजारे किंवा गोदाम यांवरही खर्च होते. बाकी पाटी ठीक आहे. चहा पिणाऱ्या सदस्यांसाठी फेअरट्रेड चहाही मिळतो, तेवढे त्यांना कळवावे.